आत्याच्या ड्रेसिंग टेबलवरच्या बरण्या: चांदीची झाकणं, कापीव काच आणि दोन महिन्यांचं काम

१७ नोव्हेंबर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं आत्याचं जुनं घर आवरताना माळ्यावरच्या ट्रंकेत पाच नग सापडले. आत्याच्या आजेसासूबाईंच्या टेबलावरचे. एक मोठी पावडरची बरणी, तेवढीच दुसरी एक जिच्या झाकणाला मधोमध भोक आहे, क्रीमच्या दोन लहान बरण्या आणि अत्तराची एक उंच कुपी. काच कापीव, झाकणं काळी ठिक्कर. प्रत्येक नग लोकरीच्या जुन्या मोज्यात घालून वर रबरबँड लावलेलं. ज्या कुणी बांधलं तिने जपण्यासाठीच बांधलं असणार, पण चांदीला काळं करायला हेच दोन पदार्थ पुरतात. लोकरीत गंधक असतं आणि रबरातही. रबरबँड जिथे जिथे टेकलं होतं तिथे झाकणावर दोऱ्यासारखी काळी रेघ उमटली आहे, बोटाला लागते इतकी खोल.

कुणाकडे अशा वस्तू असतील तर पुढचं काही वाचण्याआधी रबरबँड काढून टाका.

आज फक्त फोटो काढले, मापं घेतली आणि नगांना वरच्याच क्रमाने १ ते ५ नंबर दिले. मोठ्या बरणीचं झाकण ८ सेंटिमीटर रुंद, त्यावर पंख असलेली पाच बाळमुखं उठावात. पत्रा इतका पातळ की अंगठ्याने दाबला तर लवतो.

१९ नोव्हेंबर

पहिली चूक, आणि ती दुरुस्त होणारी नाही. नंबर ३ चं लहान झाकण मी एका दुकानात 'जरा चमकवून द्या' म्हणून दिलं. वीस मिनिटांत परत मिळालं, आरशासारखं. घरी येऊन भिंगाखाली पाहिलं तर फुलांच्या पाकळ्यांच्या कडा गेल्या होत्या. बफच्या, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या, चाकावर धरलं होतं. ठशाचं (हॉलमार्कचं) अक्षरही निम्मं घासलं गेलं. दुकानदाराला दोष देता येत नाही, रोज जोडवी-पैंजण येतात ते त्याच चाकावर जातात. 'बफ लावायचा नाही' हे मी तोंडाने सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. खर्च ८० रुपये.

पातळ पत्र्याच्या उठावकामात नाक, गाल, पाकळ्यांची टोकं हाच सगळ्यात उंच आणि म्हणून सगळ्यात आधी झिजणारा भाग. अशा झाकणाची किंमत त्या टोकांत असते. सराफ्यात तोलून घेतलं तर ते झाकण म्हणजे तीस-चाळीस ग्रॅम मोड, बाकी काही नाही.

२३ नोव्हेंबर

ठसे वाचले. झाकणाच्या बाहेरच्या कडेला, एका रांगेत: बनवणाऱ्याची आद्याक्षरं (पुसट), जहाजाचा नांगर, चालता सिंह, आणि वर्ष सांगणारं एक अक्षर. सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. नांगर बर्मिंगहॅमचा, तिथलं तपासणी कार्यालय १७७३ सालचं. राणीचं मुंडकं, म्हणजे कर भरल्याचा ठसा, नाही; म्हणजे १८९० नंतरचं. त्या वर्षी चांदीवरचा कर उठला आणि मुंडक्याचा ठसा बंद झाला.

अक्षर मला बी वाटलं. बर्मिंगहॅमच्या वर्षाक्षरांच्या त्या फेरीत लहान लिपीतला ए म्हणजे १९००, म्हणून बी म्हणजे १९०१. आत्याला फोन करून सांगितलं, तिने इंदूरच्या नातेवाइकांना सांगितलं.

२४ नोव्हेंबर

तारीख चुकली होती. आज काजळीचा ठसा घेतला आणि कळलं. रीत सांगते, कारण हिला खर्च शून्य आहे. मेणबत्तीच्या ज्योतीच्या टोकावर झाकणाची कडा दोन सेकंद फिरवायची, काजळी धरते. गार झाल्यावर पारदर्शक चिकटपट्टी हलक्या बोटाने दाबायची, उचलायची आणि पांढऱ्या कागदावर चिकटवायची. अक्षर उलटं येत नाही, सरळच वाचता येतं. डोळ्यांना झाकणावर जे दिसत नव्हतं ते कागदावर लख्ख दिसलं: बी चं पोट खालून बंद असतं, हे खालून उघडं आहे. हे एच आहे. म्हणजे १९०७ (तिथलं ठशाचं वर्ष तेव्हा जुलैत बदलायचं, म्हणून १९०७-०८ म्हणायचं). नंबर १ आणि २ ला स्पष्ट एच. नंबर ३ ला बफने जे शिल्लक ठेवलं त्यावरून एचच. कुपीच्या गळ्याला एन, १९१२-१३. सगळ्यांना पुन्हा फोन केले.

काजळी फक्त सुट्या झाकणावर धरायची. काचेला जोडलेल्या चांदीजवळ ज्योत नेऊ नका. कुपीचा ठसा मी तोंडाची वाफ देऊन, बॅटरी आडवी धरून वाचला.

३० नोव्हेंबर

नंबर ४ च्या झाकणाने पाच दिवस खाल्ले. त्यावरही एका रांगेत चार ठसे, चार चौकटीत. दुरून अगदी वरच्यांसारखेच. काजळीखाली वाचलं तर चार अक्षरं: ई, पी, एन, एस. म्हणजे निकेलच्या मिश्रधातूवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. तरी खात्री करावी म्हणून घनता मोजायचं ठरवलं.

सोनारी छोटा वजनकाटा घेतला, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, ६५० रुपये. आधी झाकण कोरडं तोलायचं. मग काट्यावर पाण्याचा डबा ठेवून काटा शून्यावर आणायचा, झाकण दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवायचं, तळाला-भिंतीला टेकू द्यायचं नाही. काटा जो आकडा दाखवतो त्याने कोरड्या वजनाला भागायचं. स्टर्लिंगचं उत्तर १०.३ च्या पुढे यायला हवं.

नंबर १ आधी तोललं, ज्याच्यावर सिंह आहे. ३८.४२ ग्रॅम. पाण्यातला आकडा ४.१५. भागाकार ९.२६. मी घाबरलेच. ठसे खोटे आहेत असं वाटायला लागलं, दोन दिवस त्याच विचारात गेले. मग लक्षात आलं: झाकणाची कडा आत वळवून पोकळ गोट केलेला आहे आणि त्यात हवा अडकते. पाणी उकळून गार केलं, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकला, झाकण तिरकं करून बुडवलं, आतून बुडबुडे निघेपर्यंत हलवलं. आता आकडा ३.७१, म्हणजे १०.३६. जीव भांड्यात पडला. नंबर ४: २२.७० ग्रॅम, पाण्यात २.६१, उत्तर ८.७०. तो मुलामाच.

गोटात शिरलेलं पाणी नीट वाळवा. मी झाकण दोन दिवस उन्हात कापडावर उपडं ठेवलं.

५ डिसेंबर

आज जे झालं ते आधीच सुचायला हवं होतं. मुलाम्याचं झाकण बाजूला ठेवलं आणि नंबर ३ चं चांदीचं झाकण नंबर ४ च्या बरणीवर ठेवलं. टक् करून बसलं. इतके दिवस ते नंबर ३ वर लटलटत होतं आणि मी समजत होते की काच झिजली. झाकणं कधीतरी अदलाबदल झाली होती.

मग दोन्ही लहान बरण्या शेजारी ठेवून पाहिल्या. नंबर ४ च्या काचेवर नख फिरवलं तर प्रत्येक कंगोरा धारदार लागतो, तळाला चाकावर कापलेला तारा आहे. नंबर ३ चे कंगोरे गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखे, आणि दोन बाजूंना साच्याची उभी शीर. ती साच्यात दाबलेली काच. मूळची बरणी फुटली असणार आणि कुणीतरी मापाची दुसरी झाकणासकट आणून जागा भरून काढली. म्हणजे मूळ संचातले चार नग आपल्याकडे आहेत आणि पाचवा पाहुणा आहे. विकत घेणाऱ्याने हे दुकानातच पाहावं: झाकण फिरवून पाहा, पूर्ण फेऱ्यात कुठेच अडखळता कामा नये आणि लटलटताही कामा नये.

९ डिसेंबर

मोठी चूक. इंटरनेटवर सगळीकडे सांगतात तो उपाय केला: अॅल्युमिनियमची फॉइल, खाण्याचा सोडा, गरम पाणी. आधी नंबर २ चं भोकाचं झाकण. पाच मिनिटांत काळं गेलं, आणि त्याबरोबर नक्षीच्या खोबणीतली सावलीही गेली. ती सावली जुन्या कारागिराने मुद्दाम ठेवलेली असते, किंवा शंभर वर्षांत साचलेली असते. दोन्ही प्रकारे तिच्यामुळेच उठाव डोळ्यांना दिसतो. आता ते झाकण पांढरटसर, सपाट दिसतं.

इथे थांबायला हवं होतं. मी कुपीही बुडवली. पाणी कोमट केलं होतं म्हणून काच तडकली नाही, पण अर्ध्या तासाने उचलली तेव्हा चांदीचा गळा हातात फिरला. आतून दह्याच्या निवळीसारखं पांढरं पाणी आलं. चांदीचा गळा काचेवर प्लास्टर ऑफ पॅरिसने बसवलेला असतो, आणि शंभर वर्षांचं प्लास्टर पाण्यात विरघळलं नाही तरी भुसभुशीत होतं. गळा किंवा बिजागरी जोडलेली कुठलीही काच बुडवायची नाही. ओल्या बोळ्याने, चांदीपुरतं, आणि लगेच कोरडं.

रात्री झोप लागली नाही.

१४ डिसेंबर

कुपीचं काचेचं बूच आत घट्ट बसलेलं आहे. तेल सोडून बघावं म्हणून खोबरेल सोडलं. डिसेंबरातल्या ग्वाल्हेरात खोबरेल! सकाळी फटीत पांढरं थिजून बसलेलं. आता आधी ते काढणं आलं. कोमट फडक्याने तीनदा शेकून, कापसाने टिपून काढलं. दोन दिवस गेले.

मग ग्लिसरीन, केमिस्टकडून ३५ रुपये. रोज रात्री बुचाच्या कडेला चार थेंब, सकाळी लाकडी चमच्याच्या दांड्याने एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून हलकी टिचकी. पिळायचं नाही, मान मुरगळली तर काच तिथेच तुटते. चौथ्या सकाळी बूच अर्धा मिलिमीटर उचललं, पाचव्या सकाळी हातात आलं. आत तळाला मधासारखा तपकिरी थर, आणि शंभर वर्षांनीही वास. कसला ते सांगता येत नाही, पण वास आहे. आत्याने कुपी नाकाशी धरून बराच वेळ खाली ठेवली नाही.

बुचाच्या टोकाला सुईने कोरल्यासारखा ७, आणि कुपीच्या ओठाखाली तोच ७. प्रत्येक बूच त्याच्याच मानेत घासून बसवायचे, म्हणून जोडीवर नंबर घालत. कुपी विकत घेताना हे दोन आकडे जुळतात का ते पाहाच.

२१ डिसेंबर

आज सराफ्यातल्या गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेले. ठोकाईचं काम करणारे, दुकान नाही, जिन्याखाली बैठक. दोन कामं होती: नंबर १ चा खळगा काढणं, आणि नंबर २ च्या झाकणाचं भोक बुजवणं. भोक रुपयाएवढं. मला वाटलं होतं मधलं बोंड तुटून पडलं असेल. आत्यानेही तसंच सांगितलं होतं.

त्यांनी झाकण उजेडात धरलं, भोकाच्या कडेवरून करंगळी फिरवली आणि म्हणाले, "दीदी, किनार मुडी हुई है. टूटा नहीं है, ऐसा ही बना है." मी भिंग लावलं. कडा आत वळवून गुळगुळीत केलेली, तुटलेल्या पत्र्याला असते तशी धार कुठेच नाही. दीडशे रुपये देऊन मी एक शाबूत नग बिघडवणार होते.

घरी येऊन शोधलं तेव्हा उलगडा झाला. ही केसांची बरणी. विंचरताना कंगव्यात आलेले केस बोटावर गुंडाळायचे आणि भोकातून आत टाकायचे. त्या काळच्या विलायती बायका ते साठवून त्यांच्या गुंडाळ्या करत आणि अंबाडा फुगवायला आत भरत. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, मग आपलं गंगावण!" तिच्या आईकडे कोनाड्यात पुरचुंडी असायची, विंचरलेले केस त्यात जायचे आणि वर्षाकाठी त्याचं गंगावण वळून यायचं.

खळगा त्यांनी समोर बसून काढला. राळेच्या बैठकीवर नको म्हणाले, राळ काढायला शेक द्यावा लागेल आणि आत जुना कथलाचा डाख आहे. खरंच, एका बाळाच्या गालामागे करड्या धातूचा थेंब होता, कुणीतरी कधीतरी भेग सांधली असणार. कथील-शिशाचा तो डाख चांदीवर तापला तर चांदीलाच खातो, भोक पाडतो. म्हणून वाळूची चामडी पिशवी, वर झाकण उपडं, आणि सागाच्या बोथट खुंटीने आतून दाब, ठोका नाही. पन्नास मिनिटं लागली. नव्वद टक्के खळगा गेला. उरलेला ते काढेनात: पत्रा ताणला जाईल, नाकाला भेग पडेल. मजुरी ६०० रुपये, मागितले ५०० होते.

२८ डिसेंबर

गळा परत बसवला. तीनदा. पहिल्यांदा प्लास्टर ताकासारखं पातळ झालं, बसलंच नाही. दुसऱ्यांदा ते मिनिटभरात आवळलं आणि गळा वाकडा राहिला. ओलं असतानाच लाकडी काडीने खरवडून काढलं. तिसऱ्यांदा आधी सगळी मांडणी केली: कुपी वाळूच्या डब्यात उभी, टोपण मिटवून बिजागरी समोर, मानेवर पेन्सिलीची खूण. प्लास्टर श्रीखंडाइतकं, आणि थर पातळ. आवळताना ते किंचित फुगतं, म्हणून जाड थर काचेवर ताण देतो. बाहेर आलेलं लगेच टिपलं. आठवडाभर हात लावायचा नाही.

'फेविक्विक लाव की' असं घरातल्या तिघांनी सांगितलं. लावलं नाही. उद्या दुसऱ्या कुणाला हा गळा काढावा लागला तर प्लास्टर निघतं, फेविक्विक सहज निघत नाही.

४ जानेवारी

मध्ये एक दिवस जयविलासमध्ये घालवला, काच आणि चांदी एकत्र कशी बसवतात ते बघायला. १८७४ चा राजवाडा, वास्तुकार मायकेल फिलोजचं काम. काचेच्या कठड्यांचा जिना आणि जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी, कापीव काचेची भांडी वाहणारी. लहानपणापासून कितीदा पाहिली असेल. पण दोरीमागून सांधे दिसत नाहीत, त्यामुळे कामाच्या दृष्टीने दिवस वायाच. तरी एक गोष्ट डोळ्यांत भरली: तिथल्या जुन्या चांदीच्या खोबणीत काळोख तसाच ठेवलेला आहे.

घरी आल्यावर उरलेल्या झाकणांना त्याच पद्धतीने हात लावला. केमिस्टकडचा प्रेसिपिटेटेड चॉक (खडूची अगदी बारीक भुकटी), ऊर्ध्वपातित पाणी, स्पिरिटचे थोडे थेंब, साईइतकं दाट. कापसाच्या काडीने फक्त उंच भाग, गोल गोल नाही, एकाच दिशेने. ठशांवर काडी न्यायचीच नाही. टूथपेस्ट नाही, चिंच नाही, राख नाही. मोठ्या झाकणाला साडेतीन तास लागले. बाळांचे गाल उजळले, पंखांच्या मुळाशी काळं राहिलं, आणि पाचही चेहरे पुढे आले. नंबर २ आणि नंबर ३ तशी कधीच दिसणार नाहीत. रबरबँडची रेघ फिकी झाली, गेली नाही.

१२ जानेवारी

काच. मोठ्या बरणीच्या आत पांढरा थर होता, कधीतरी कुणी फुलं ठेवली असावीत आणि आमच्याकडचं बोअरचं पाणी. लिंबूसत, एक लिटरला ५० ग्रॅम, थंड पाण्यात, एक तास. त्याहून जास्त नको. जड कापीव काचेत शिसं असतं आणि आंबट त्याला बाहेर ओढतं. खायचं काहीही अशा बरणीत ठेवू नये ते त्यामुळेच. थर गेला. खाली धुरकटपणा राहिला, ओली असताना दिसत नाही, वाळली की परत. तो थर नाही, काचेचा पृष्ठभागच खाल्ला गेलाय. विकणारे कधी कधी आतून तेलाचा हात फिरवून तो लपवतात, म्हणून बरणी घेताना आत कोरडं बोट फिरवा.

ओठावर नखाएवढा टवका आहे. घासून सपाट करून देतो म्हणणारा एकजण भेटला. नको म्हटलं. ओठ एक मिलिमीटरने खाली गेला की झाकण पुन्हा तसं बसत नाही.

१९ जानेवारी

गळा पक्का बसला आहे, टोपण मिटताना आवाज येत नाही. आतापर्यंतचा खर्च: काटा ६५०, कारागीर ६००, बफ ८०, ग्लिसरीन ३५, चॉक, प्लास्टर, स्पिरिट मिळून २१०. एकूण १,५७५ रुपये. वेळ सुमारे सत्तर तास, त्यातले निदान वीस चुकांपायी.

आज सगळं आत्याकडे पोचवलं. प्रत्येक झाकण बरणीवरून काढून, खळ नसलेल्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळून, झिपच्या वेगळ्या पिशवीत. नंबर ३ ची पाहुणी बरणी तिच्या मुलाम्याच्या झाकणासकट वेगळ्या डब्यात, चिठ्ठीसह, म्हणजे पुन्हा कुणी अदलाबदल करणार नाही. नंबर २ मात्र आत्याने बांधू दिली नाही. ती टेबलावर राहिली. मी निघाले तेव्हा आत्या आरशासमोर बसून विंचरत होती. कंगव्यातले चार पांढरे केस तिने बोटावर गुंडाळले आणि भोकातून आत सोडले.

ट्रंकेत खाली एक हेअरब्रश आणि हातआरसा अजून आहे, दोन्हींना चांदीची पाठ. ब्रशच्या पाठीत राळ भरलेली असते, त्याला ना पाणी चालतं ना शेक. त्याला पावसाळ्यानंतर हात लावेन.